संकर कोणाचा, हिशेब कोणाचा?

शालेय विज्ञान प्रदर्शनांतून एक तक्ता हमखास आढळतो. डाव्या बाजूला वशिंड असलेली देशी गाय, उजव्या बाजूला काळी-पांढरी संकरित गाय आणि दोघींच्या खाली दुधाचे आकडे. उजवीकडचा आकडा मोठा, म्हणून संकर चांगला, एवढाच त्या तक्त्याचा निष्कर्ष असतो. अलीकडे याच्या अगदी उलट सांगणारा तक्ताही दिसू लागला आहे. त्यात देशी गाय शुद्ध, तिचे दूध अमृतासमान आणि संकरित गाय म्हणजे जवळजवळ भेसळ. धुळे-जळगावकडील शिक्षकांना हे दोन्ही तक्ते परिचयाचे असतील. विद्यार्थी ते मनापासून रंगवतात. परंतु दोन्हींत विज्ञान अर्धेच उतरलेले असते, असे आमचे मत आहे.

या लेखात आम्ही संकराची वकिली करणार नाही आणि त्याच्यावर खटलाही भरणार नाही. संकर ही एक पद्धत आहे. पद्धतीची परीक्षा तिच्या परिणामांवरून करायची असते आणि त्यासाठी काही प्रश्न नेमकेपणाने विचारावे लागतात. आमच्या मते असे प्रश्न चार आहेत. संकर कशाचा कशाशी केला? दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे काय होईल, याचा विचार आधी झाला होता का? कोणत्या जनावराचे आईबाप कोण, याची नोंद राहिली का? आणि काही बिघडले तर त्याची किंमत कोणी मोजली? खानदेशातील गाईबैलांचे उदाहरण आणि तुलनेसाठी परदेशात फोफावलेल्या एका विलक्षण छंदाचे उदाहरण घेऊन या प्रश्नांची उत्तरे शोधून पाहू.

शब्दांचा घोळ

मराठीत ‘जात’ या शब्दावर फार कामे येऊन पडली आहेत. गीर ही गाईची जात, केळीची बसराई ही जात, वाघ ही मार्जार कुळातील जात आणि माणसामाणसांत भेद करणारी तीही जातच. जीवशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत ‘जाती’ हा शब्द ज्या अर्थाने येई, त्या अर्थाने आजच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रजाती’ हा शब्द येतो. या लेखात आम्ही वाघ, घोडा, गाढव यांना प्रजाती म्हणू आणि गीर, खिल्लार यांना जात म्हणू.

‘संकर’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘वर्णसंकर’ या जुन्या शब्दामुळे त्याला कलंकाचा वास चिकटलेला आहे. दुसरीकडे ‘हायब्रीड’ हा शब्द १९६४ साली प्रसृत झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीनंतर खेड्यापाड्यांत पोहोचला. उत्पन्न भरघोस, पण भाकरीला चव नाही, असा अनुभव आल्यावर ‘हायब्रीड पिढी’ अशी थट्टा सुरू झाली ती आजही ऐकू येते. शिक्षकांनी वर्गात प्रथम हे सामान बाजूला ठेवावे. जीवशास्त्रात संकर याचा अर्थ एवढाच, की आनुवंशिक घडण वेगळी असलेल्या दोन जिवांपासून संतती निर्माण होणे. त्यात गौरव नाही आणि बट्टाही नाही.

मात्र ही घडण किती वेगळी आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२ आणि खेचराच्या पेशीत ६३. ही विषम संख्या प्रजननपेशी तयार होताना नीट जुळत नाही आणि खेचर बहुधा वांझ राहते. वशिंड असलेले भारतीय गोवंश आणि बिनवशिंडाचे युरोपीय गोवंश यांची माणसाळण्याची केंद्रे वेगवेगळी होती. तरीही दोघांची गुणसूत्रे ६० आहेत आणि त्यांची संतती प्रजननक्षम असते. दोघांच्या वाय गुणसूत्राचा आकार मात्र निराळा आहे, त्यामुळे संकरित गोऱ्ह्याचा पितृवंश सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. ईशान्येकडील मिथुन आणि गाय यांच्या संकरातील मादी प्रजननक्षम, पण नर वांझ असतो. संकरात एकच लिंग दुबळे किंवा वांझ निघत असेल, तर ते बहुधा दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे बाळगणारे लिंग असते, हा नियम जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ साली मांडला. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. ‘संकर चांगला की वाईट?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे विद्यार्थ्यांना एवढ्या उदाहरणांवरूनही कळू शकेल.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना

संकर ही कृत्रिम रेतनाबरोबर आलेली गोष्ट आहे, असा एक समज आहे. आपल्या देशात कृत्रिम रेतन प्रथम १९३९ साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी केले. संकर त्याच्या कितीतरी आधीपासून होत आला आहे आणि त्याचा पुरावा खानदेशाच्या शेजारीच आहे. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरले की खरगोन-बडवानी भागात निमाडी ही गाईची जात भेटते. तांबडा रंग, त्यावर पांढरे ठिपके, भरदार अंग आणि बाकदार कपाळ ही लक्षणे गीरची. चपळाई, काटकपणा आणि तापट स्वभाव खिल्लारचा. पशुपैदाशीचे अभ्यासक निमाडीला गीर आणि खिल्लार यांच्या मिश्रणातून घडलेली जात मानतात. काळ्या जमिनीत नांगर ओढणारा बैल ही तेथील शेतकऱ्याची गरज होती आणि त्या गरजेच्या चाळणीतून ही जात पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली.

खुद्द खिल्लारचेही तेच. खिल्लार या शब्दाचा अर्थ गुरांचा कळप. या जातीचे चार प्रकार पुस्तकांतून सांगितलेले आढळतात: हणम खिल्लार, म्हसवड खिल्लार, तापी खिल्लार आणि नकली खिल्लार. यांपैकी तापी खिल्लार हा आपल्या खानदेशाचा प्रकार. तो पाळणाऱ्या गुराख्यांवरून त्याला थिल्लारी असेही नाव पडले. चौथ्या प्रकाराच्या नावातच ‘नकली’ शब्द आहे. आसपासच्या गुरांशी मिसळून झालेले खिल्लार ते नकली. तेव्हा अस्सल आणि मिसळ यांचा भेद जुन्या पैदासकारांना ठाऊक होता आणि तो ते नावातच सांगून टाकत. दुसरीकडे, अस्सल म्हणवणाऱ्या खिल्लारचा मूळ धागाही कर्नाटकातील हल्लीकर गुरांकडे नेला जातो. ‘शुद्ध’ जात ही आकाशातून पडलेली वस्तू नसते. कधीकाळी झालेले मिश्रण, त्यानंतर एकाच दिशेने केलेली दीर्घ निवड आणि ती जपणारे लोक यांतून ती तयार होते.

निमाडीचा संकर आणि आजचा संकर यांत फरक आहे तो येथे. निमाडी घडली ती जेथे तिला राबायचे होते त्याच उन्हात, त्याच चाऱ्यावर. न टिकणारे जनावर मागे पडत गेले, टिकणाऱ्याचा वंश वाढला. संकरानंतर निवड झाली, म्हणून जात तयार झाली. निवडीवाचून केलेल्या संकरातून जात तयार होत नाही, नुसती सरमिसळ होते.

सरकी दरवर्षी मिळते, गाय मिळत नाही

पहिल्या पिढीतील संकराचे यश खानदेशाने कपाशीत पाहिले आहे. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापूस प्रसृत केला. व्यापारी लागवडीसाठी निघालेला तो जगातील पहिला संकरित कापूस होय. असा कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: घरची सरकी पुढच्या वर्षी पेरायची नाही, बियाणे नवे घ्यायचे. कारण पहिल्या पिढीतील सारी झाडे सारखी आणि जोमदार असतात, पण त्यांच्या बियांतून उगवणाऱ्या दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते.

हाच नियम गाईला लावून पाहा. गावठी गाय आणि होल्स्टिन वळू यांच्यापासून झालेली पहिल्या पिढीची कालवड ही एच-४ च्या बियाण्यासारखी असते. ती दूध चांगले देते, आईचा काटकपणाही तिच्यात उतरलेला असतो. परंतु कपाशी फुलण्यासाठी तिला पुढची पिढी पेरावी लागत नाही. गाय मात्र व्याल्याशिवाय दूध देत नाही. म्हणजे या कालवडीला गाभण राहणे भाग आहे आणि प्रत्येक वेताला पुढची पिढी जन्मणारच. प्रश्न असा की तिच्यासाठी वळू कोणता?

पुन्हा होल्स्टिनचीच रेतमात्रा वापरली, तर परदेशी वाटा ५० वरून ७५ टक्के होतो, मग ८७.५, मग ९३.७५. चार पिढ्यांत जवळजवळ पूर्ण होल्स्टिन गाय खानदेशच्या गोठ्यात उभी राहते. देशी वळू वापरला, तर वाटा २५ टक्क्यांवर उतरतो आणि दूधही उतरते. संकरिताशी संकरित जुळवले, तर सरासरी वाटा ५० टक्केच राहतो, पण दुसऱ्या पिढीची फाटाफूट सुरू होते. शिवाय पहिल्या पिढीतील जोम ज्यामुळे येतो, त्या देशी-परदेशी मिश्र जनुकजोड्या या तिन्ही मार्गांत सरासरीने निम्म्यावर येतात. म्हणजे पहिल्या पिढीला जे फुकट मिळाले ते दुसऱ्या पिढीला मिळत नाही. प्रदर्शनातील पहिला तक्ता चुकतो तो येथे. तो पहिल्या पिढीतील उत्तम गाईचे दूध दाखवतो आणि तेच साऱ्या संकरित गाईंचे म्हणून सांगतो.

हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पैदास धोरणात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. परदेशी वाटा निम्म्याच्या आसपास आवरून धरावा, ही एक. आणि संकर कोणत्याही जातीत न बसणाऱ्या गावठी गाईंवर करावा, नावाजलेल्या देशी जाती त्यांच्या मूळ भागात निवडीनेच सुधाराव्यात, ही दुसरी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन आणि जर्सी या तीन जातींपासून ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय घडवली, तिच्यात होल्स्टिनचा वाटा निम्मा आणि जर्सी व गीर यांचा प्रत्येकी पाव असा ठरवलेला आहे. ब्राझीलने आपल्याकडूनच नेलेल्या गीर गाईंचा होल्स्टिनशी संकर करून ‘गिरोलांडो’ ही जात तयार केली. पाच-अष्टमांश होल्स्टिन आणि तीन-अष्टमांश गीर हे प्रमाण ठरवले, प्रत्येक जनावराची वंशावळ लिहिली आणि १९९६ साली तिला अधिकृत जात म्हणून मान्यता मिळाली. ही उदाहरणे पाहता दोष संकर या पद्धतीत नाही, हे मान्य करावे लागते. आमची टीका आहे ती कागदावरचे धोरण आणि गोठ्यातील व्यवहार यांतील अंतरावर. गाय माजावर येते, रेतन करणारा येतो, त्याच्या भांड्यात त्या दिवशी जी रेतमात्रा असेल ती वापरली जाते. गाईची आई कोण, तिच्यात परदेशी वाटा आधीच किती आहे, याची नोंद जवळ नसली की धोरणाचे सारे आकडे निरर्थक ठरतात.

नोंदीचे महत्त्व पटवणारे एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला ‘पॉनी फार्म आर्लिंडा चीफ’ हा होल्स्टिन वळू त्याच्या मुलींच्या दुधामुळे इतका वापरला गेला की त्याचा वंश जगभर पसरला. त्याच्या अंगी एक जनुकीय दोष होता. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तर गर्भ पोटातच मरे. यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा अंदाज संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. म्हणजे एका जातीतील ‘शुद्ध’ पैदासही धोक्याची ठरू शकते. पण दोषाचा माग चीफपर्यंत काढता आला तो वंशावळी लिहिलेल्या होत्या म्हणूनच.

मे महिन्यातील गोठा

आता चौथा प्रश्न, किंमत कोणी मोजली? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. भारतीय गाईची सैल कातडी, गळ्याखालची पोळी, आखूड केस आणि अधिक कार्यक्षम घर्मग्रंथी या उन्हासाठीच घडलेल्या आहेत. परदेशी वाटा वाढत जातो तशी ही सोय कमी होत जाते. गाय धापते, खाणे कमी करते, दूध घटते, गाभण राहण्यात अडचणी येतात. गोचिडांमार्फत पसरणारा थायलेरियाचा ताप देशी जनावरे बहुधा सोसून नेतात, संकरित जनावरांत मात्र तो अनेकदा जिवावर बेततो. त्यावर लस आहे, पंखे आणि फवारे आहेत, पशुवैद्य आहेत. पण या प्रत्येकाला पैसे पडतात. ज्याच्याकडे बागायत आणि भांडवल आहे त्याचे गणित जुळते. कोरडवाहू शेतकऱ्याला तीच गाय एका उन्हाळ्यात कर्जात नेऊ शकते. मात्र दुधाच्या रोजच्या पैशावर मुलांचे शिक्षण करणारी घरेही याच गावांत आहेत. म्हणून ‘संकरित गाय नकोच’ असे शहरात बसून सांगणे आम्हाला बेजबाबदारपणाचे वाटते.

ज्याचा हिशेब दोन्ही तक्त्यांत नसतो, तो गोऱ्ह्यांचा. निसर्गनियमाप्रमाणे जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. खिल्लार गोऱ्ह्याला एकेकाळी कालवडीपेक्षा जास्त भाव होता, कारण तो पुढे बैल व्हायचा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नसल्याने जू टिकून बसत नाही, उन्हात तो लवकर थकतो आणि आता तर ट्रॅक्टरमुळे चांगल्या बैलालाही काम उरलेले नाही. बैलांच्या कत्तलीवर बंदी घालणाऱ्या राज्याच्या सुधारणा कायद्याला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. पण त्यानंतर या गोऱ्ह्याला ग्राहक राहिला नाही, हे उघड आहे. त्याच्या वाट्याचे दूध वाचवले जाते, तो अशक्त होतो, मरतो किंवा मोकाट सोडला जातो. माद्याच जन्माव्यात यासाठी लिंगनिवड केलेल्या रेतमात्रा आता उपलब्ध आहेत, त्यांतून सुमारे ९० टक्के वासरे मादी निपजतात. त्याने प्रश्न हलका होईल, पण आतापर्यंत जन्मलेल्या गोऱ्ह्यांनी या दुधाची किंमत मोजली, हे नमूद करावेच लागेल. ज्या जिवाला आपण आपल्या सोयीसाठी जन्माला घातले, त्याच्या पुढच्या आयुष्याची काही जबाबदारी आपल्यावर येते. संकराच्या नीतीचा गाभा आम्हाला येथे दिसतो. आई कोणत्या जातीची आणि बाप कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे.

छंदासाठी केलेला संकर

जेथे दुधाची गरज नाही, शेतीची नाही, केवळ हौस आहे, तेथे हे चार प्रश्न कसे उतरतात? युरोप-अमेरिकेत टॅरान्टुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद आहे. मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांचा कोळी आणि भारत-श्रीलंकेतील झाडांच्या ढोलीत राहणारे पॉइसिलोथेरिया वंशाचे कोळी यांना तेथे मोठी मागणी असते. आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे सापडलेल्या नमुन्यावरून १८९९ साली वर्णन झालेला निळा पॉइसिलोथेरिया मेटॅलिका तर जंगलात अतिसंकटग्रस्त आहे आणि परदेशी बाजारात मात्र विकला जातो.

या कोळ्यांची मादी वीस वर्षेही जगू शकते, नर मात्र वयात आल्यावर लवकर मरतो. हव्या त्या प्रजातीचा नर वेळेवर मिळत नाही, तेव्हा जवळच्या प्रजातीचा नर सोडून पाहण्याचा मोह काही जणांना होतो. काहींना नवा रंग हवा असतो, काहींना केवळ ‘काय होते’ ते पाहायचे असते. एका अंडकोशातून शेकडो पिल्ले निघतात आणि ती सारी लहानपणी सारखीच दिसतात. पहिला मालक प्रामाणिक असला आणि पेटीवर ‘संकर’ असे लिहून त्याने विकली, तरी ती दोन-तीन हातांतून फिरेपर्यंत ती चिठ्ठी टिकत नाही. संतती वांझ असती, तर घोटाळा तेथेच थांबला असता. जवळच्या प्रजातींचा संकर प्रजननक्षम निघाला, की तो पुढच्या पिढ्यांत मुरत जातो. खेचराचा वांझपणा हा येथे दोष नसून सुरक्षिततेची कडी ठरली असती.

पुढे आणखी एक गुंता निघाला. मेक्सिकोतील तांबड्या गुडघ्यांच्या कोळ्यांवरील संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा छंदिष्टांत ब्रॅकिपेल्मा स्मिथी या नावाने फिरणारे पुष्कळ कोळी प्रत्यक्षात ब्रॅकिपेल्मा हॅमोरी या दुसऱ्या प्रजातीचे आहेत, असे स्पष्ट झाले. म्हणजे संकर करण्याचा हेतू नसणाऱ्यांच्या हातूनही तो घडण्याची वाट मोकळी होती. ‘माझ्या घरातील पेटीतल्या कोळ्याने जंगलाचे काय बिघडते?’ हा छंदिष्टांचा युक्तिवाद म्हणूनच पुरता पटत नाही. बंदिस्त पैदाशीचे मुख्य समर्थन असे असते की त्यामुळे जंगलातून कोळी पकडावे लागत नाहीत आणि वेळ पडल्यास हा साठा राखीव म्हणून उपयोगी येतो. साठ्याची ओळखच संशयास्पद झाली, की दोन्ही समर्थने ढासळतात. खात्रीचा कोळी हवा असणारा पुन्हा जंगलाकडे पाहू लागण्याची शक्यता वाढते.

पॉइसिलोथेरिया वंशातील सर्व प्रजाती २०१९ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांच्या परदेशी व्यापाराला परवाना लागतो. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या कराराखालील प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची केली आणि २०२४ च्या नियमांनी असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. कोळी पाळण्याची हौस खानदेशातील विद्यार्थ्याला झालीच, तर आधी त्याला हा कायदा सांगावा आणि नंतर बांधावरचे, झाडावरचे कोळी जागच्या जागी पाहायला शिकवावे.

गाय आणि कोळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एका संकरामागे कुटुंबाची भाकरी आहे, दुसऱ्यामागे करमणूक. म्हणून दोहोंना एकाच मापाने दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु बिघाडाची जागा दोन्हीकडे एकच आहे: संकर करणाऱ्याने पहिल्या पिढीपुरते पाहिले आणि नोंद मागे ठेवली नाही.

दुसरा तक्ता

आता ‘शुद्ध देशी’च्या तक्त्याकडे वळू. महाराष्ट्र शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ असे घोषित केले. सन्मान झाला, पण जातीचे रक्षण होते ते निवडीने आणि नोंदीने. देशी म्हणून मोजल्या जाणाऱ्या जनावरांत मोठा वाटा कोणत्याही नोंदलेल्या जातीत न बसणाऱ्या गावठी जनावरांचा असतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात देशी गोवंश सुमारे १४.२ कोटी आणि परदेशी-संकरित सुमारे ५ कोटी होते. मागील गणनेच्या तुलनेत देशी सुमारे ६ टक्क्यांनी घटले आणि संकरित सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. घट खरी आहे, पण तिचे सारे खापर संकरावर फोडता येत नाही. बैलाचे काम ट्रॅक्टरने घेतले, गायराने आक्रसली, हीही कारणे आहेत.

देशी जनावराला रोग होत नाही, हे विधानही तपासून घ्यावे. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या चिनावल येथून सुरू झाल्याची नोंद आहे. त्या वर्षी राजस्थान-गुजरातेत देशी गाईही मोठ्या संख्येने मेल्या. ‘ए-टू’ दुधाचा महिमा हे आणखी एक उदाहरण. दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलीन असले तर ए-टू, हिस्टिडीन असले तर ए-वन, इतका हा फरक आहे आणि भारतीय जातींत ए-टू प्रकार बहुसंख्य आहे, हे खरे. पण ए-वन दुधाने अमुक रोग होतो, असा कार्यकारणसंबंध युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेला २००९ सालच्या परीक्षणात आढळला नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. देशीच्या नावाखाली गावठी आणि खिल्लार गाईंना सरसकट गीर वळूची रेतमात्रा दिली, तर तोही संकरच आहे. गीर सौराष्ट्राची, तापीकाठाला ती बाहेरचीच. त्यातून दूध वाढेलही, पण तापी खिल्लार नाहीशी होईल आणि तिच्या जाण्याचा दोष परदेशी वळूवर टाकता येणार नाही. आणि दूध म्हणजे गाय असे समजणाऱ्या दोन्ही तक्त्यांना म्हशीचा विसर पडलेला असतो. देशातील दुधाचा निम्म्याच्या जवळपास वाटा म्हशींचा आहे आणि तो परदेशी संकरावाचून आलेला आहे.

वर्गात काय करता येईल?

दोन रंगांचे मणी घ्यावेत. काळा मणी परदेशी जनुक, पांढरा देशी. पहिल्या पिढीच्या गाईसाठी दहा जोड्या, प्रत्येक जोडीत एक काळा, एक पांढरा. अशा दोन ‘जनावरां’च्या प्रत्येक जोडीतून न पाहता एकेक मणी उचलून पुढची पिढी तयार करावी. प्रत्येक विद्यार्थ्याचे वासरू वेगळे निघेल. वर्गाची सरासरी निम्म्याजवळ येईल, मिश्र जोड्याही सुमारे निम्म्याच उरतील. दुसऱ्या पिढीची फाटाफूट शब्दांपेक्षा मण्यांतून लवकर समजते.

नंतर आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी गावातील दहा गोठ्यांना भेट द्यावी आणि चारच गोष्टी विचाराव्यात. या गाईची आई कोणती होती? बाप किंवा रेतमात्रा कोणती? तिचे दुसऱ्या वेतापासूनचे दूध किती? तिला झालेले गोऱ्हे आता कुठे आहेत? कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक बहुतेक ठिकाणी मिळेल. बापाची माहिती किती ठिकाणी मिळते ते मोजावे. चौथा प्रश्न विचारताना मालकाला अवघडल्यासारखे होईल, म्हणून तो दोष देण्याच्या सुरात विचारू नये.

या माहितीवरून प्रदर्शनासाठी तिसरा तक्ता तयार होईल. त्यात देशी आणि संकरित अशा दोन गाई समोरासमोर नसतील, तर तीन पिढ्यांची एक वंशावळ असेल आणि माहीत नसलेल्या प्रत्येक जागी रिकामा चौकोन असेल. परीक्षकांनी विचारले, तर विद्यार्थ्यांनी त्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवावे. ते भरायचे कसे, याची चर्चा पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर, दूध संस्थेचे सचिव आणि गोठ्याचे मालक यांना शाळेत बोलावून करता येईल. खानदेशात संकर होत राहणार आहे. तो डोळसपणे व्हावा असे वाटत असेल, तर त्याचा हिशेब मागणारी पिढी शाळेतच तयार करावी लागेल.